दारावरचे नाव आणि संदेशातला खिळा

माझ्या मावशीला मागच्या आठवड्यात प्रार्थनागटावर एक संदेश आला आणि तो वाचताच तिने पहिला फोन केला तो ठाण्यातील चाळीस वर्षांपासूनच्या आपल्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातील मराठी यहुदी समाजातल्या, मैत्रिणीला. ‘तुम्हा लोकांना हे सगळे ठाऊक होते, मग इतकी वर्षे लपवून का ठेवलेत?’ असे तिने विचारले. मैत्रिणीने फोन ठेवला आणि त्यानंतर तिने मावशीचा फोन उचललेला नाही. एरवी असले संदेश मी न वाचता पुसून टाकते, पण हा घरात शिरला आहे, तेव्हा त्याचे उत्तर देणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: हिब्रू शास्त्रातील देवाच्या नावाची चार अक्षरे म्हणजे योद, हे, वाव, हे. योद म्हणजे हात, हे म्हणजे पाहा, वाव म्हणजे खिळा. म्हणून नावाचा गुप्त अर्थ ‘हात पाहा, खिळा पाहा’ असा होतो आणि तो वधस्तंभाकडे बोट दाखवतो. पुढे ठरावीक अंतराने अक्षरे मोजल्यास शास्त्रात दडलेले हेच नाव सापडते, हे नाव म्हणजे आपल्या श्वासाचाच आवाज आहे, आणि शेवटी, यहुद्यांनी हे सत्य जाणूनबुजून दडवले.

हात आणि खिळ्याची गोष्ट सर्वांत जास्त पसरली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. अक्षरांची नावे जुन्या चित्रांवरून आली हे खरे आहे. सिनाईमधील सेराबित अल-खादिम येथे सापडलेल्या कोरीव लेखांत चित्रांपासून अक्षरे कशी घडली ते दिसते, आणि योदचा संबंध हाताशी आहे हेही मला मान्य आहे. पण चित्र केवळ ध्वनी ओळखण्यापुरते होते. आपण ‘क कमळाचा, प पतंगाचा’ असे म्हणत अक्षरे गिरवली, म्हणून ‘कप’ या शब्दाचा अर्थ ‘कमळ पाहा, पतंग पाहा’ असा होत नाही. शिवाय ‘वाव’ हा शब्द शास्त्रात येतो तो निर्गम या ग्रंथात, निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, खांबांवरील पडदे अडकवण्याच्या आकड्यांसाठी. ठोकायच्या खिळ्यांसाठी यशया आणि यिर्मया यांच्या ग्रंथांत ‘मस्मेर’ हा वेगळा शब्द आहे. संदेश लिहिणाऱ्याने आकडीचा खिळा केला, कारण त्याला खिळाच हवा होता.

ही पद्धत खरी मानली तर ती सगळीकडे चालली पाहिजे. हिब्रूत ‘वेहाया’ म्हणजे ‘आणि असे होईल’ हा अगदी साधा शब्द आहे. तो वाव, हे, योद, हे असा लिहितात, म्हणजे नावातीलच चार अक्षरे, फक्त क्रम वेगळा. तो शास्त्रात शेकडो वेळा येतो, आणि तेथे कोणालाही खिळा किंवा हात दिसत नाही. नावाचा अर्थ शास्त्र स्वतःच निर्गमच्या तिसऱ्या अध्यायात सुचवते: मोशे नाव विचारतो आणि उत्तर मिळते, ‘मी आहे तो आहे’. हे नाव ‘असणे’ या धातूशी जोडलेले आहे. उघड दिलेला हा अर्थ अपुरा का वाटावा, हे मला खरोखरच कळत नाही. आम्ही ख्रिस्ती माणसे खिळ्यांच्या खुणांबद्दल योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट वाचतो. त्यासाठी दुसऱ्यांच्या अक्षरांची मोडतोड करण्याची आम्हाला काहीच गरज नाही.

आता दडवण्याचा आरोप. मावशीची मैत्रीण त्यानेच दुखावली आणि तो सर्वांत खोटाही आहे. हिब्रू शास्त्रात हे नाव सुमारे 6,800 वेळा उघड लिहिलेले आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात शेजारच्या मवाब देशाचा राजा मेशा याने इस्राएलवरील आपला विजय शिळेवर कोरला, तेव्हा त्यातही हे नाव लिहिले. ही शिळा 1868 मध्ये सापडली आणि आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. शत्रूलाही जे ठाऊक होते ते गुपित कसे म्हणावे?

यहुदी लोक हे नाव लिहितात, पण उच्चारत नाहीत. वाचताना त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असे म्हणतात. मिश्ना हा यहुदी नियमांचा जुना संग्रह सांगतो की प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक मंदिरात हे नाव उच्चारी तेव्हा लोक साष्टांग नमन करीत. इसवी सन 70 मध्ये ते मंदिर उद्ध्वस्त झाले. आदरापोटी नाव न घेणे ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. माझी आजी आजोबांचे नाव उखाण्याशिवाय कधी घेत नसे. ते रेशनकार्डावर ठळक लिहिलेले होते आणि ती ते लपवते आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. आपल्या मराठी शास्त्रात या नावाच्या जागी ‘परमेश्वर’ छापतात, तेही याच रीतीला धरून.

मावशीने त्या मैत्रिणीच्या घराचा उंबरठा शेकडो वेळा ओलांडला आहे. त्या दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूस मेझुझा, म्हणजे शास्त्रवचनांची छोटी डबी, तिरका बसवलेला आहे आणि घरातील माणसे येता-जाता त्याला बोट लावून ते ओठांना टेकवतात. आत चर्मपत्राची गुंडाळी असते आणि तिची पहिली ओळ असते ‘शेमा इस्राएल’, म्हणजे ‘हे इस्राएला, ऐक’, या शब्दांनी सुरू होणारी. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेने इस्राएल समाजाने बाकी बरेच काही विसरूनही ही ओळ तोंडी जपली. त्या एका ओळीत हे चार अक्षरी नाव दोनदा आहे. त्याच गुंडाळीतील दुसरा उतारा ‘वेहाया’ या शब्दाने सुरू होतो. जे लपवले म्हणून मावशीने जाब विचारला ते चाळीस वर्षे दारावर होते.

अक्षरे मोजण्याच्या दाव्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारत नाही. शास्त्रातील लेवीय या ग्रंथाच्या पहिल्याच वचनात दुसऱ्या अक्षरापासून दर आठवे अक्षर घेतले तर हे नाव मिळते. मी बोटाने मोजून पाहिले. दुसरे, दहावे, अठरावे आणि सव्विसावे अक्षर जुळते. पण त्याच वचनात सोळाव्यापासून एकोणिसाव्या अक्षरापर्यंत तेच नाव सरळ लिहिलेले आहे, आणि अठरावा वाव दोन्हींत एकच आहे. तोरात, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या पाच ग्रंथांत, 3,04,805 अक्षरे आहेत आणि योद, हे, वाव यांतील प्रत्येक अक्षर साधारण दहात एकदा येते. म्हणजे चौघांचा हा क्रम जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक, आणि कोणतेही अंतर धरले तरी तोरात हे नाव निव्वळ योगायोगाने तीसेक वेळा सापडणार.

अशा मोजणीला शास्त्रीय आधार असल्याचा दावा करणारा निबंध 1994 मध्ये ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात आला होता. त्याच नियतकालिकात 1999 मध्ये ब्रेंडन मॅके, ड्रोर बार-नातान, माया बार-हिलेल आणि गिल कलाई यांनी तो तपासून खोडून काढला. निवडीला मोकळीक ठेवली की हवे ते निष्पन्न होते, हे त्यांनी दाखवले. मॅके यांनी तर देवमाशाच्या शिकारीवरील ‘मोबी डिक’ या इंग्रजी कादंबरीत याच रीतीने इंदिरा गांधींची हत्याही ‘शोधून’ दाखवली होती.

हिब्रू शास्त्रात खरोखरीची अक्षररचना आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. स्तोत्र 119 मध्ये बावीस अक्षरे क्रमाने येतात, प्रत्येकी आठ वचने. यिर्मया ‘बाबेल’ (बॅबिलोन) ऐवजी ‘शेशख’ लिहितो, ते पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे, दुसऱ्याच्या जागी उपांत्य अशी अदलाबदल करून. ही लेखकांनी स्वतः केलेली रचना आहे आणि ती संदर्भासकट उलगडते. श्वासाच्या दाव्याला असा कोणताच आधार नाही. श्वासासाठी हिब्रूत ‘नेशामा’ हा शब्द आहे आणि नावाचा अर्थ निर्गमने वर दिलेलाच आहे.

मी हे सर्व मावशीला समोर बसून वाचून दाखवले. ‘यहुद्यांनी लपवले’ हे वाक्य चुकीचे आहे, असे तिने त्याच प्रार्थनागटावर स्वतःच्या नावाने लिहिले आहे, आणि रविवारी उपासनेनंतर ती ठाण्याला जाणार आहे.