शुगर लो, काका हाय

परवा सोसायटीच्या गणपतीत, आरतीला पाच मिनिटं असताना, बी विंगमधल्या काकांनी माझ्या मुलीच्या हातातला ज्यूसचा डबा काढून घेतला. हिसकावला म्हणणार नाही. रांगत्या पोराच्या हातून सुरी काढून घेतात तसा, हळुवार, बोटं सोडवत.

मुलगी नऊ वर्षांची. टाइप वन डायबेटिस. संगीतखुर्ची खेळून नुकती आली होती, शुगर 58 आणि अजून उतरत होती. तिच्या दंडावरच्या सेन्सरने माझ्या फोनवर केव्हाची बोंब ठोकलेली. 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम साखर लगेच पोटात, 15 मिनिटांनी पुन्हा बघायचं, हा आमच्या घरातला पाढा आहे. धाकट्यालाही पाठ आहे. त्याला तर अभ्यासाला बसवलं की तो डोळे अर्धे मिटून "आई, माझी पण शुगर लो झालीय" म्हणतो, कारण ज्यूस फक्त ताईला मिळतो.

"काका, तो डबा द्या. तिची शुगर कमी झालीय."

"कमी झालीय ना?" काका प्रसन्न हसले. "मग उत्तमच की! कमीच तर करायचीय."

या वाक्याला उत्तर आहे. पण ते द्यायला निवांत दहा मिनिटं आणि एक फळा लागतो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. समोर मुलीचे हात थरथरत होते आणि ओठ पांढरे पडायला लागले होते.

"काका, इन्सुलिन घेते ती. शुगर फार खाली गेली तर चक्कर येते, फिट येते."

"हे बघ बेटा, मलाही आहे. बारा वर्षं झाली. पण कंट्रोल!" इथे त्यांनी मूठ आवळून दाखवली, ज्यूसच्या डब्यासकट. स्ट्रॉमधून एक थेंब त्यांच्या झब्ब्यावर उडाला. "सकाळी कारल्याचा रस, रात्री भिजवलेली मेथी, आणि मधे काय? इच्छाशक्ती!"

मधे मेटफॉर्मिनची, शुगरची गोळीपण असते, असं काकू मागून म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. मला वाटतं त्या घरात हे नेहमीचंच असावं.

"तुमचा टाइप टू आहे काका. हिचा टाइप वन. आजारच वेगळा आहे."

"अगं, वन म्हणजे तर सुरुवातच! टू व्हायच्या आत थांबवायचं."

मी पर्समधली ग्लुकोजची पुडी शोधत होते. पर्समध्ये ग्लुकोमीटर, सुया, धाकट्याची एक चप्पल, हळदीकुंकवाचं वाण, सगळं होतं. तेवढ्यात लेकीने स्वतःच निर्णय घेतला. बाप्पापुढच्या ताटलीतली मूठभर खडीसाखर उचलली, तोंडात टाकली आणि कडाकडा चावायला लागली. तिच्या आजवरच्या सगळ्या शिक्षणाचं चीज झालं असं मला वाटलं. मंडपाला तसं वाटलं नाही.

"अरे, नैवेद्य दाखवायचाय अजून!" काका किंचाळले. आरोग्यावरून गाडी थेट धर्मावर गेली.

मग त्यांनी माइक घेतला. आमच्या सोसायटीत माइक घ्यायला परवानगी लागत नाही, निवृत्ती लागते. "आजकालच्या आया" या दोन शब्दांनी सुरुवात करून काका पाकीटबंद पेयं, मोबाइल, नोकरी करणाऱ्या बायका, मैदा आणि पाश्चात्त्य संस्कृती असा फेरफटका मारून आले. नाव घेतलं नाही. नाव घेण्याची गरजच नव्हती, कारण बोलताना ते टक लावून माझ्याकडेच बघत होते. आरती लांबली. मुलीची शुगर तोवर 84 वर आली आणि ती परत खेळायला पळाली. ज्यूसचा डबा शेवटपर्यंत काकांच्या हातात होता. पुढे तो कुठे गेला कळलं नाही.

त्या भाषणाचा व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला. वर लिहिलं होतं 'प्रबोधन'. खाली टाळ्याच टाळ्या. त्यात एक अंगठा आमच्या ह्यांचा. "चुकून लागला गं, स्क्रोल करताना." मी त्या रात्री पोळ्या केल्या नाहीत. ह्यांनी खिचडी लावली आणि चुकून तिखट घातलं.

आता माझं दुखणं सांगते. या विषयावर मी दोन वर्षं रील बनवतेय. मुलं झोपली, डबे धुतले, ओटा पुसला की मी बाथरूममध्ये जाऊन बोलते, कारण घरातला बरा उजेड तिथेच आहे. एक रील फार मन लावून केलं होतं: मूल सारखं लघवीला जातंय, कितीही पाणी प्यायलं तरी तहान भागत नाही, वजन उतरतंय, मलूल पडून राहतंय, तर त्याच दिवशी शुगर तपासा. आपल्याकडे कितीतरी मुलांचा आजार आयसीयूत पोचल्यावर कळतो. ते रील बघितलं माझ्या माहेरच्या माणसांनी आणि एका पडदेवाल्याने. तोही पडदे हवेत का विचारत होता.

आणि सासूबाई इन्सुलिनचा हिशेब करायला वजनकाट्यावर उकडीचा मोदक ठेवताहेत, हे मी गंमत म्हणून टाकलं, ते धो धो चाललं. कमेंटमध्ये कर्बोदकांचं नाव कुणी काढलं नाही. "कळ्या कमी पडल्यात." "उकड नीट मळली नाहीये." "आमच्या रत्नागिरीला या." सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. कळ्या एकवीस होत्या, त्यांनी मोजून दाखवल्या.

कमेंटमध्ये आणखी एक ठरलेला प्रश्न असतो: लहानपणी चॉकलेटं फार दिलीत का? नाही दिली. दिली असती तरी काही झालं नसतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. त्यात चॉकलेट नसतं, माझी नोकरी नसते आणि गरोदरपणी मी खाल्लेले हापूसही नसतात. (हापूसची थिअरी ह्यांच्या मावशीची.) इन्सुलिन नाही, तर खाल्लेली साखर रक्तात नुसती फिरत राहते आणि मूल भरल्या घरात उपाशी राहतं.

काकांची पद्धत जगात आधी वापरून झालेली आहे, हे मला त्यांना एकदा सांगायचंय. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी डॉक्टर मुलांचं खाणं तोडायचे, जवळजवळ उपाशी ठेवायचे. त्याने थोडे महिने वाढायचे, मग मुलं जायचीच. अतिशय कंट्रोलमध्ये जायची.

हे मी ग्रुपवर लिहिलं होतं खरं तर. खाली लगेच कुणीतरी पाण्याचा टँकर कधी येणार विचारलं, आणि विषय संपला.

शाळेचीही तीच तऱ्हा. परीक्षेत टाइप वनच्या मुलांना गोळ्या-चॉकलेट, फळ, खाऊ, पाणी जवळ ठेवू द्या, असं सीबीएसईचं 2017 चं परिपत्रक आहे. मी ते छापून, पिवळ्या शाईने ओळी रंगवून नेलं. समोरच्या बाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. म्हणाल्या, "हे दहावी-बारावीच्या बोर्डाचं आहे. तुमची चौथीत. दहावीत आली की घेऊन या." म्हणजे तोवर तिने शुगर वर्गाबाहेर कमी होऊ द्यायची. आता मी वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात चोरून ग्लुकोजचा डबा ठेवलाय. त्या बिचाऱ्या भल्या आहेत. मला मात्र तस्कर असल्यासारखं वाटतं.

काल कमिटीची मीटिंग झाली. 14 नोव्हेंबरला बालदिन आणि जागतिक मधुमेह दिन एकाच दिवशी येतात, हे मीच मागच्या वर्षी सांगितलं होतं. इन्सुलिन शोधून काढणाऱ्यांतल्या बँटिंगचा आणि नेहरूंचा वाढदिवस एकच. तर म्हणे यंदा जोडकार्यक्रम करायचा. प्रमुख वक्ते: बी विंगचे काका. विषय: 'साखरेला नाही म्हणा'. मुलांना अल्पोपाहारात गुलाबजाम.

पोस्टर माझ्याकडे आलंय, "तुझा हात छान आहे ना त्यात" म्हणून. बनवतेय. काकांचा सकाळीच मेसेज आला, नावाआधी 'आरोग्यतज्ज्ञ' लावलं तर चालेल का, आणि फोटोत झब्ब्यावरचा डाग घालवता येईल का.