ऑनिंग वाऱ्यावर सोडण्याची कला

मोटरहोम घेतलीत? उत्तम. आता या चाकांवरच्या घराच्या कडेला गुंडाळून ठेवलेलं ते ऑनिंग, म्हणजे कापडी छत, उघडा. बटण दाबलं की घरघरत बाहेर येतं, कापड ताठ होतं, खाली गार सावली पडते. खुर्ची टाकून पाय पसरले की आपण जग जिंकल्यासारखं वाटतं. जिंकलंतच. आता फक्त एक पथ्य पाळा : ते पुन्हा कधीही बंद करू नका. बंदच करायचं होतं तर उघडलंत कशाला?

वाऱ्यात ऑनिंग कसं वापरावं यावर चार शब्द बोलण्याचा अधिकार मला गेल्या आठवड्यात प्राप्त झाला. कसा, ते ओघात येईलच. तूर्त एवढंच सांगतो की आठ दिवसांपूर्वी माझ्या गाडीच्या टपावर एक सोलर पॅनेल होतं, आता त्याची पुष्कळ झाली आहेत.

तर सुरुवात गाडी लावण्यापासून. वारा पाहून पाठ फिरवावी असं जुनी माणसं म्हणायची, पण त्यांच्याकडे कुठे ऑनिंग होतं? तुम्ही फक्त देखावा पाहा. देखाव्यासाठी ऑनिंगची बाजू थेट वाऱ्याच्या तोंडी आली तरी बिघडत नाही. वारा कापडाखाली शिरेल, समोर गाडीची भिंत लागेल, पळायला जागा उरणार नाही, मग बिचारा वर जाईल आणि जाताना कापडालाही सोबत नेईल. पाठ वाऱ्याकडे केली असती तर गाडीचाच आडोसा झाला असता. पण मग फोटोत डोंगर कसे आले असते?

हवामानाचा अंदाज बघायची खोडच असेल तर सरासरी वेगाचा आकडा तेवढा वाचा. त्याच्या शेजारी झोतांचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो वाचून उगाच पोटात गोळा येतो. सरासरी ताशी २० किलोमीटर असताना मध्येच ३५ चा झोत येतो, हे खरं. कापड फाटतं, ते ताणून धरणारे ऑनिंगचे हात वाकतात ते त्या एका झोताने, हेही खरं. पण तो असतो जेमतेम काही सेकंदांचा. एवढ्याशा पाहुण्यासाठी कोण उठून बटण दाबणार?

आकडेमोडीच्या नादी तर मुळीच लागू नका. चार मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर आलेलं ऑनिंग म्हणजे दहा चौरस मीटर कापड. ताशी २० किलोमीटरचा वारा त्याने पुरता अंगावर घेतला तर साधारण १९ किलोचा रेटा बसतो. हे ऐकून बरं वाटतं. पण वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे ४० ला ७७ किलो, आणि ६० ला पावणेदोनशेच्या आसपास. दोन धष्टपुष्ट माणसं तुमच्या ऑनिंगला लोंबकळताहेत असं समजा, फक्त वरच्या दिशेने. आणि हा सगळा भार गाडीच्या भिंतीत पिळलेल्या मूठभर स्क्रूंवर. मोटरहोमची भिंत आतून किती भरीव असते याची उत्सुकता असेल, तर ती बघायची याहून चांगली संधी नाही.

दोनशे वर्षांपूर्वीच्या खलाशांचं उदाहरण कुणी दिलं तर हसून सोडून द्या. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ च्या सुमारास वाऱ्याची मोजपट्टी आखली. तिची सुरुवातीची वर्णनं बेतलेली होती ती शिडांवर, म्हणजे कोणत्या वाऱ्यात युद्धनौकेने किती कापड उभारायचं आणि किती उतरवायचं यावर. शेवटच्या बाराव्या आकड्यापुढे तर कुठलंच कापड टिकणार नाही असा वारा, एवढंच वर्णन. कापड उभारणाऱ्याला ते उतरवताही आलं पाहिजे, हे त्या लोकांना समजलं होतं, कारण नाही उतरवलं तर ते बुडायचे. तुम्ही कुठे बुडणार आहात? पुढे त्याच पट्टीत जमिनीवरच्या खुणाही आल्या. चारला धूळ आणि सुटे कागद उडतात. पाचला, म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटरला, पानांनी भरलेली लहान झाडं डोलू लागतात. सहाला छत्री सांभाळणं जड जातं. माझा सल्ला : झाडं डोलायला लागली की मोबाइल काढा. व्हिडिओ छान येतो.

काळा ढग लांब असेपर्यंत निर्धास्त राहा, पाऊस सुरू झाला की बघू. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटते, चहूकडे पसरते आणि पावसाच्या पुष्कळ आधी येऊन थडकते. तेव्हा उकाड्यात अचानक गार वाटलं तर शाल घ्या आणि बसून राहा.

आता बांधाबांध. कुणी म्हणेल, स्क्रूसारख्या आट्यांच्या, पिळून जमिनीत घालायच्या खुंट्या घ्या, साध्या असतील तर त्या गाडीकडून बाहेर झुकवून ठोका, ऑनिंग खुंटीला बांधायच्या पट्ट्यात स्प्रिंग ठेवा म्हणजे झटका खुंटीवर जाणार नाही, कापड हाताला धरून ठेवणारे चिमटे लावा. एवढे कष्ट कोण करतं! तंबूबरोबर आलेल्या करंगळीएवढ्या चार खुंट्या भुसभुशीत मातीत उभ्या ठोका. कमी पडल्या तर पट्टा खुर्चीला बांधा. बर्फाच्या पेटीला बांधा. मी एकदा कुत्र्याच्या साखळीच्या खुंटीला बांधलेला पाहिलाय, कुत्र्यासकट. सैल खुंटी वाऱ्यात उपटली की पट्ट्याच्या टोकाला लटकत गोफणीसारखी फिरते. ती कुठे जाते ते मला विचारा.

ऑनिंग ओलं गुंडाळलंत तर घरी जाऊन वाळवू नका. बुरशीची नक्षी कंपनीच्या नक्षीपेक्षा टिकाऊ असते.

प्रवासाला निघताना हातांना कुलूप लागलंय का हेही बघू नका. मागच्या गाड्यांना तेवढीच करमणूक.

रात्री दोन वाजताच्या फडफडीबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांनी ऐकलीय त्यांना ठाऊक आहे.

आता सर्वात महत्त्वाचा सल्ला : सेन्सरवर विश्वास ठेवा. पूर्ण विश्वास. देवावर ठेवत नसाल एवढा.

माझे शेजारी ठेवायचे. म्हणजे गेल्या आठवड्यातले कॅम्पसाइटवरचे शेजारी. आल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि ऑनिंगच्या पुढच्या दांड्यावरची ती छोटी डबी दाखवली. "हे बघा, वारा आला की आपोआप बंद. आपण बघायचंच नाही." मी म्हटलं, वा. आता, ती डबी वारा मोजत नाही. तिला फक्त दांड्याचे हादरे कळतात. म्हणजे वाऱ्याने ऑनिंग गदगदा हलवल्यावर तिला जाग येते, मग ती मोटरला सांगते, मग मोटर आपल्या चालीने कापड गुंडाळू लागते. उघडताना किती वेळ लागतो ते तुम्ही पाहिलंय, बंद व्हायलाही तेवढाच लागतो. झोत तोपर्यंत थांबत नाही. आणि एकच लांब, सलग उचल आली तर हादरे बसायच्या आधीच कापड टपावर गेलेलं असतं. बरं, हे झालं सेन्सर चालू असताना. शेजाऱ्यांनी शिवाय दोन्ही हातांना पट्टे बांधून ठेवले होते! म्हणजे खाली पट्टे ओढणार, वर मोटर ओढणार, मध्ये हात वाकणार किंवा मोटर जळणार. एकतर बांधा आणि सेन्सर बंद करा, नाहीतर सेन्सर ठेवा आणि पट्टे सोडा, असं मी म्हणणार होतो. पण पहिल्याच भेटीत कुठे शिकवत बसायचं? म्हटलं, वा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे गृहस्थ सहकुटुंब डोंगर चढायला गेले. ऑनिंग उघडं. खाली चटई, चार खुर्च्या, दिव्यांची माळ. आणि जाताना "दिवसभर उगाच बॅटरी कशाला खर्च करा" म्हणून बॅटरीची मुख्य कळ बंद केली. वीज नाही म्हणजे सेन्सर नाही. मोटर नाही. काही म्हणजे काही नाही. आपोआप बंद होणारं ऑनिंग, आणि त्याचं 'आपोआप' स्वतःच्या हाताने बंद करून गाडीला कुलूप लावून गेले. हाताने गुंडाळायचं हँडल गाडीत. रिमोट? रिमोट खिशात. डोंगरावर. बहुधा देखावा बघायला.

चारच्या सुमारास गार वारं सुटलं. मी माझं गुंडाळलं, समोरच्यांनी त्यांचं. आणि मग आम्ही तिघं, एकमेकांची नावंही माहीत नसलेली तीन माणसं, त्या शेजाऱ्यांच्या ऑनिंगच्या दांड्याला धरून उभे. कशासाठी? मी त्या कुटुंबाचा कोण लागतो? एक झोत पेलला. दुसऱ्या झोताला माझे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि त्या क्षणी मला वर दिलेलं सगळं गणित एकदम समजलं. आम्ही सोडलं. उजवीकडची खुंटी उपटली, पट्ट्यासकट फिरत माझ्या टपावर आली, पॅनेलवर एकदा आणि खिडकीच्या पत्र्यावर एकदा आपटली. मग डावीकडचा ब्रॅकेट भिंतीच्या पातळ आवरणासकट निघाला, अख्खं ऑनिंग उलटं होऊन त्यांच्या टपावर पडलं, आणि त्यावर व्यवस्थित पाऊस पडला.

सहा वाजता मंडळी परतली. पाहिलं. वर पाहिलं, खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अहो, एवढा वारा सुटला होता, तर तुम्ही बंद का नाही केलंत?"

मी. बंद. का नाही केलं.

बरं, कितवा सल्ला चालला होता? वॉरंटी. हं. वॉरंटीत सगळं भरून मिळतं अशी श्रद्धा बाळगा. माहितीपुस्तिका तर कुणी वाचत नाहीच. त्यात बहुतेकदा स्वच्छ लिहिलेलं असतं की हे सावलीसाठी आहे, वारा आणि पावसाने झालेलं नुकसान आमच्याकडे आणू नका, गाडी सोडून जाताना आणि झोपताना बंद करा. शेजाऱ्यांची पुस्तिका प्लास्टिकच्या वेष्टनात होती. अजून असेल.

पाऊस आलाच तर कापड सपाट ठेवा, पाणी साठू द्या, हा पुढचा सल्ला मी मोठ्या हौसेने लिहिणार होतो. एक कोपरा खाली झुकवला की पाणी वाहून जातं, नाही झुकवला तर एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो, त्याने कापडाला पोट सुटतं, पोटात आणखी पाणी, मग... पण जाऊ दे. आता थट्टा करायचा उत्साह राहिला नाही.

सरळच सांगतो. ऑनिंगखाली तुम्ही जागे बसलेला नसाल तर ते बंद असलं पाहिजे. फिरायला निघालात, बंद. झोपलात, बंद. दुकानात दहा मिनिटं जाऊन येतो, बंद. यात समजायला कठीण काय आहे? एक बटण आहे! तुमची सावली तुमची आहे, पण ती उडाली की ती माझ्या टपावर येते, समोरच्यांच्या काचेवर येते, मध्ये खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावर येते. त्या दिवशी पोरं मध्ये नव्हती. पाच मिनिटं आधी होती. आणि उलटलेलं ऑनिंग दिसलं की मर्दुमकी दाखवत एकट्याने ओढू नका. जुन्या, हाताने उघडायच्या प्रकारात कापड गुंडाळायच्या नळीच्या आत ताणलेली स्प्रिंग असते, ती सुटली की हात मोडतो. वारा पडेपर्यंत लांब राहा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आम्ही तिघं दांड्याला लटकलो तो मूर्खपणाच होता. आम्ही मूर्ख, कबूल. पण आम्हाला त्या दांड्याखाली कुणी उभं केलं?

"सेन्सर होता" म्हणे. डोळे नव्हते? सकाळी निघताना झाडांचे शेंडे हलत होते ते दिसले नाहीत? दिव्यांची माळ सरळ करायला दहा मिनिटं उभे होतात तिथे!

तुमची खुंटी माझ्याकडे आहे. पट्ट्यासकट. पॅनेलच्या तुकड्यांबरोबर एका पिशवीत घालून ठेवली आहे. न्यायला या. येताना रिमोट आणा, मला तो एकदा नुसता हातात धरून बघायचाय.