बार्सेच्या हल्ल्यातला डॉक्टर

दुसऱ्या महायुद्धातल्या बार्सेच्या हल्ल्यावरचा तुमचा लेख आवडला. पण लिबियातल्या बार्से विमानतळावरच्या १३ सप्टेंबर १९४२च्या हल्ल्यात किती विमानं जळाली ते सविस्तर, आणि हा हल्ला करणाऱ्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या ब्रिटिश सैन्याच्या वाळवंटी तुकडीच्या डॉक्टरला मात्र एकच ओळ? या डॉक्टरचं, कॅप्टन लॉसन यांचं, खरं काम तर हल्ला संपल्यावर सुरू झालं. परतीच्या वाटेवर शत्रूची विमानं दिवसभर घिरट्या घालत होती, एकेक गाडी पेटत होती. वरून गोळ्या बरसत असताना हा माणूस जखमींच्या अंगावर आडवा झाला, स्वतःचं शरीर पुढे करून.

नंतर उरलेला एक ट्रक आणि एक जीप घेऊन, सोबत ड्रायव्हर नि वाट काढणारा नॅव्हिगेटर, त्यांनी जखमींना शेकडो मैल वाळवंटातून धावपट्टीपर्यंत नेलं. तिथून विमानाने लिबियातल्याच कुफ्रा या मरूद्यानात. बंदुकीच्या जखमा, उन्हाचा तडाखा, पाणी मोजून, आणि खडकाळ वाटेवर ट्रकचा प्रत्येक हादरा जखमेला बसणार! मी स्वतः अपघातानंतर मोडक्या पायाने घाटातून जीपमध्ये आलोय, तेवढे दोन तासही अजून अंगावर येतात.

लॉसन यांना मिलिटरी क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहाच, मनापासून विनंती.