फिल्टर बसवल्यावर धूळ वाढली, या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक तारा दिलात. तक्रार वाचली, सोबतचे दोन्ही फोटोही नीट पाहिले.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: धुळीचा त्रास होतो म्हणून यांनी आमच्याकडून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात त्या डब्याला, धूळ अडवणारा जाळीचा फिल्टर बसवून घेतला. दोन महिन्यांत गेम खेळताना मशीन आपोआप बंद पडायला लागलं. झाकण उघडलं तर आत पूर्वीपेक्षा जास्त धूळ. फोन केला तेव्हा आमचा माणूस म्हणाला, "धूळ काय, सगळीकडेच असते." हे त्याने बोलायला नको होतं, त्याबद्दल माफी मागतो. बाकी तक्रारीत बारा आणे चूक आमची आहे आणि चार आणे तुमची. दोन्ही सांगतो.

आधी आमची. तुमच्या कॅबिनेटला पुढे एक पंखा आहे, तो हवा आत घेतो. मागे एक आणि वर एक, ते दोन्ही बाहेर टाकतात. तिन्ही १२० मिलिमीटरचे. म्हणजे आत येणारी हवा मुळातच कमी. त्यात आम्ही पुढच्या पंख्यावर बारीक विणीची जाळी लावली, तीही पंख्याला अगदी चिकटून. पंख्याच्या खोक्यावर हवेचा जो आकडा छापलेला असतो, तो समोर काहीच अडथळा नसतानाचा. जाळी आली की आकडा खाली येतो, आणि जाळी चिकटून असेल तर पात्यांसमोरचा तेवढा गोलच काय तो कामाला येतो, कोपरे फुकट जातात. बाहेर टाकणारे दोन पंखे मात्र फिरतच राहिले. त्यांना हवा लागणारच, पुढून मिळेना तर ते मिळेल तिथून ओढणार. त्यांनी ती मागून ओढली: ग्राफिक्स कार्डाशेजारच्या पट्ट्यांच्या फटींतून, यूएसबीच्या भोकांतून, झाकणाच्या कडेने. त्या वाटांवर कसली जाळी? धूळ अडवायला लावलेल्या फिल्टरमुळेच ती मागच्या दाराने आत आली.

हा नुसता अंदाज नाही. तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहा. रिकाम्या स्लॉटच्या (जादा कार्ड बसवायच्या जागांच्या) पट्ट्यांच्या कडेला आतून काळसर रेघा दिसतील, पेन्सिलीने आखल्यासारख्या. न वापरलेल्या यूएसबी पोर्टांत लव जमली आहे. फटीतून हवा आत ओढली जात असली की हीच खूण उमटते. फिल्टर लावून मशीन परत देण्याआधी आम्ही टिश्यू पेपरची एक पट्टी त्या फटींपाशी धरून पाहिली असती, तर ती आत ओढली जाताना तिथेच दिसली असती. पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडायला हवी. दोन मिनिटांचं काम, आम्ही केलं नाही.

मशीन बंद का पडतं ते पहिल्या फोटोत आहे. प्रोसेसरवरचा पंखा काढल्यावर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर धुळीचा जाड थर दिसतो, घोंगडीच्या तुकड्यासारखा अख्खा उचलता येईल असा. पंखा जोरात फिरतो, आवाज करतो, पण पात्यांमधून हवा जातच नाही. आजकालचे बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. तरीही भागलं नाही तर मशीन बंद होतं. प्रोसेसर जळालेला नसावा, तरी तपासून देऊ.

आता तुमचे चार आणे. धूळ दिसल्यावर तुम्ही मागच्या पंख्याच्या जाळीवर कापड लावलंत. तो पंखा हवा बाहेर टाकतो, तिथे कापड लावून धूळ अडत नाही, फक्त गरम हवा कोंडते. ते कापड आजच काढा. दुसरं, झाकण काढून ठेवलं की थंड राहतं असं लिहिलंय. कधीकधी राहतंही, पण मग फिल्टरला काही अर्थच उरत नाही.

आणि "फिल्टर लावला तर धूळ शून्य व्हायला हवी" हे होणार नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. धुळीचा अडीच मायक्रॉनचा कण कॅबिनेटच्या कुठल्याही जाळीतून आरामात जातो. तो अडवण्याइतका दाट कागद लावला तर या छोट्या पंख्यांना त्यातून पुरेशी हवा ओढता येणार नाही. लव, केस, कापसाचे धागे पुढेच थांबावेत आणि उरलेली बारीक धूळ वर्षा-सहा महिन्यांनी ब्लोअरने काढावी, एवढंच शक्य आहे.

मशीन आणा, कामाचे पैसे घेणार नाही. वरचा पंखा काढून पुढच्या रिकाम्या जागेत बसवू, म्हणजे दोन आत आणि एक बाहेर. वरचं भोक झाकू. जाळी जरा मोठ्या विणीची, चौकटीत, पंख्यापासून बोटभर लांब. एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) यात हात लावायचा नाही, तुमच्या कॅबिनेटमध्ये तो खालून हवा घेऊन परस्पर मागे टाकतो. त्याच्या तळाला मात्र एक जाळी आहे. ती कोणीच बघत नाही, आम्हीही बघितली नव्हती. मशीन गालिच्यावर ठेवत असाल तर खाली फळी घाला.

जाळी धुवायला लागते, हे सांगायचंही राहून गेलं. महिन्याने काढून उजेडापुढे धरा. उजेड अंधूक दिसला की नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. घरी ब्लोअर मारणार असाल तर वायर काढून मारा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. नाहीतर हवेच्या जोराने पंखा भलताच गरगरतो, बेअरिंग खराब होतं.

काम झाल्यावर तुमच्यासमोर अर्धा तास गेम चालवून तापमान दाखवू. तारा बदलायचा की नाही ते त्यानंतर ठरवा. मॉनिटर, केबल काही नको, नुसतं कॅबिनेट आणा.