आमचं चालतंय की!

"फाइल ओपन होत नाहीये!" मी मेल केलेल्या फाइलवरून त्या ऑफिसातून पुन्हा तोच फोन. अहो, होईल कशी? तुमच्या काउंटरवर अजून वर्ड २००३ ठाण मांडून बसलंय! माझी फाइल डॉकएक्स, म्हणजे वर्डच्या फाइलचं नवं रूप; ते आलं वर्ड २००७ बरोबर. जुन्या वर्डला ते वाचता यावं म्हणून मायक्रोसॉफ्टने फुकट कम्पॅटिबिलिटी पॅकही दिला होता. टाकला कुणी? २०१४ मध्ये २००३ चा सपोर्टच संपला. तरी साहेबांचं पालुपद एकच, "आमचं चालतंय की!"

चालतंय? पडद्यावर आधी 'पीके' आणि खाली पानभर चौकोन, प्रश्नचिन्हं, किडे-मुंग्या. याला चालणं म्हणतात? (डॉकएक्स म्हणजे मुळात झिप, अनेक फाइलींचं दाबून बांधलेलं गाठोडं; त्याची सुरुवातच 'पीके' या अक्षरांनी होते. पण सांगता कुणाला?) वर मलाच ऐकवायचं, "तुमच्या फाइलमध्ये व्हायरस असेल." एका महाभागाने तर नावापुढचं डॉकएक्स खोडून जुन्या फाइलींसारखं डॉक केलं आणि विजयी मुद्रेने एंटर दाबलं. वा! पाटी बदलली की दुकानातला माल बदलतो?

मग मीच मुकाट्याने 'सेव्ह ॲज', जुनं ९७-२००३ रूप, परत मेल. त्यात तक्ते विस्कटले तर तोही दोष माझाच! वर्डचंच काम करणारं लिब्रेऑफिस फुकट मिळतं, तेवढं तरी टाका म्हटलं, तर म्हणे "वरून परवानगी लागते." आणि साहेबांच्या केबिनमधला नवा टीव्ही? त्याला बरी लगेच मिळाली!