टायरचं सोवळं

टायर काळा असतो, गोल असतो आणि महाग असतो, एवढ्या ज्ञानावर माझी पन्नाशी सुखाने पार पडली होती. मग १९३१ सालची फोर्ड मॉडेल ए कूपे दारात आली.

लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाने पन्नाशीत काय घ्यावं हे ठरलेलं आहे : विजेवरची गाडी, नाहीतर पुण्यात आणखी एक फ्लॅट. मी घेतलेल्या गाडीला मडगार्ड नाहीत, एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही. बॉनेटखाली मूळच्या चार सिलिंडरच्या इंजिनाच्या जागी फोर्डचंच, पण नंतरचं, आठ सिलिंडरचं फ्लॅटहेड व्ही-८ बसवलेलं आहे. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. “म्हणजे जास्त पैसे देऊन कमी गाडी,” असं बायकोने तिचं वर्णन केलं, आणि अजून तरी मला त्यात दुरुस्ती सुचलेली नाही.

टायरना भेगा पडल्या होत्या. “नवे घ्यायला हवेत,” असं मी एका शनिवारी सकाळी मोठ्याने म्हणालो. शेजारच्या गॅरेजमधला पान्याचा आवाज बंद झाला.

शेजारी एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ आहेत. त्यांची हयात हॉट रॉडमध्ये गेली. मी मनातल्या मनात त्यांना शास्त्रीबुवा म्हणतो. ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, “बायस-प्लायच घेणार ना?” प्रश्नाचा सूर असा, की नकार दिला तर उद्यापासून पाणी बंद.

बायस-प्लाय म्हणजे जुन्या घडणीचा टायर. रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात, ते तिरपे आणि एकमेकांना छेदत जातात. रेडियलमध्ये हे दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टे असतात. त्यामुळे वळणावर रेडियलची बाजू वाकते, पण तळ रस्ता सोडत नाही. बायस-प्लायमध्ये बाजू आणि तळ एकजीव. बाजू कलली की तळही कुरकुरतो. तो तापतो जास्त, झिजतो लवकर. पृथ्वीवरच्या जवळपास प्रत्येक नव्या मोटारीला आज रेडियल असतात, यात सगळं आलं.

“मग रेडियलच बरे की,” मी म्हणालो.

शास्त्रीबुवांनी मला त्यांच्या गॅरेजमध्ये नेलं, स्टुलावर बसवलं आणि परंपरा सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून इथली पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची, मडगार्ड काढून वजन उतरवायची आणि म्युरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तलावांच्या सपाटीवर वेगाची खुमखुमी जिरवायची. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. युद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेल्या पोरांनी हे वेड दुप्पट केलं. ट्रॅडिशनल हॉट रॉड म्हणजे त्या पोरांनी बांधली असती तशी गाडी. त्यांच्यानंतर निघालेली वस्तू तिला लागली की गाडी बाटली.

ही पोरं कडकी होती. भंगारात जे मिळेल ते जोडायची. कुणी त्यांना रेडियलचा जोड फुकट दिला असता तर त्यांनी तो देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत चढवला असता, असं माझं मत आहे. पण सोवळं नेसलेल्या माणसाशी कापसाच्या गुणधर्मांवर वाद घालू नये, हे मी आजीच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर शिकलो आहे.

तरी रात्रभर वाचून दुसऱ्या दिवशी मी शास्त्रार्थाला उभा राहिलो. “मिशेलिनने रेडियलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं,” मी म्हणालो. “म्हणजे तुमच्या काळातलंच झालं.”

“फ्रान्समध्ये,” शास्त्रीबुवा म्हणाले. “अमेरिकन गाडीला कारखान्यातूनच रेडियल कधी आले? १९७० साली. लिंकन कॉन्टिनेंटल मार्क थ्री.” एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. म्हणजे कॉफी. जिंकल्यावरची.

त्यांचा दुसरा मुद्दा डोळ्यांचा होता, आणि तिथे मात्र मला बोलायला जागा नव्हती. अशा गाडीला पुढे बारीक, मागे थोराड टायर लागतात. पुढे ५.६०-१५, मागे ८.२०-१५; पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमचा, दोन्ही इंचांत. मागचा टायर पुढच्याहून चांगला चारेक इंच उंच, त्यामुळे उभी असतानाही गाडी निघायच्या बेतात दिसते. बायस-प्लायची बाजू उंच, ताठ. साधा रेडियल त्याच जागी लावला की पोट सुटतं, हवा कमी आहे असं वाटतं. मी तसा एक फोटो पाहिला आणि नकळत स्वतःचा शर्ट खाली ओढला.

कराडला आबांना फोन केला. त्यांनी आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या ओढवल्या आहेत; टायरवर त्यांच्याइतकं कुणी खर्चलं नसेल.

“नायलॉन की रेडियल, एवढंच ना?” आबा म्हणाले. बायस-प्लायला ते नायलॉन म्हणतात. “माल किती भरणार?”

“माल नाही आबा. मी आणि ही.”

“रस्ता कच्चा हाय?”

“नाही, सगळा काँक्रीट.”

“मग रेडियल टाक की. त्यात काय इचारायचं?”

“पण आबा, नायलॉन दिसायला बरे दिसतात.”

पलीकडे बराच वेळ नुसतीच गुऱ्हाळाची घरघर ऐकू आली. मग आबा म्हणाले, “सूनबाईकडं फोन दे.”

सूनबाईंनी तोडगा काढला : दोन असले, दोन तसले. संसारात हे चालतं, टायरमध्ये चालत नाही. एकाच आसावर तर मिसळायचेच नाहीत. आणि पुढे रेडियल, मागे बायस-प्लाय लावले तर वळणावर पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सोडतात आणि गाडी स्वतःभोवती फिरून मागून येणाऱ्याची चौकशी करते. हे मी तिला नीट समजावलं. “म्हणजे शोभेचा भाग मागे ठेवायचा नाही,” ती म्हणाली.

निर्णयाआधी शास्त्रीबुवांनी स्वतःची गाडी मला चालवायला दिली. हा त्यांचा मोठेपणा. सकाळी निघालो तर धप्-धप्-धप्. नायलॉनच्या दोऱ्यांचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की टेकलेल्या भागावर चपटा होतो. थोडं अंतर जाऊन तापला की पुन्हा गोल. तोवर दात आवळून बसायचं. मग फ्रीवे लागला. कॅलिफोर्नियातल्या काँक्रीटच्या फ्रीवेंवर पावसात चाकं घसरू नयेत म्हणून लांबीच्या दिशेने बारीक चर पाडलेले आहेत. आजच्या गाड्यांना ते जाणवतही नाहीत. बायस-प्लाय मात्र दिसेल त्या चरात पाय घालतो. गाडी डावीकडे निघाली, मी उजवीकडे ओढली. ती दुसऱ्या चरात रमली. एका एक्झिटशी चर वळले तेव्हा आम्ही फ्रीवे सोडला. मला जायचं होतं पासाडेनाला. शास्त्रीबुवा बाजूच्या सीटवर डोळे मिटून म्हणाले, “कळतंय ना, रस्ता हाताला कसा कळतोय?”

हाताला कळतच होतं. संध्याकाळपर्यंत मनगटालाही कळलं.

आता यातून एक पळवाट आहे, हे मला नंतर समजलं : आतून रेडियल आणि बाहेरून हुबेहूब बायस-प्लाय दिसणारे टायर. तीच ताठ बाजू, तीच जुनी नक्षी, हवी तर रुंद पांढरी पट्टीही. किंमत वाचून मी पान मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. शास्त्रीबुवांजवळ मी हा विषय नुसता काढला. “खोटं बोलणारे टायर,” ते म्हणाले आणि दोन दिवस कुंपणापाशी आले नाहीत.

शेवटी मी बायस-प्लाय घेतले. किंमत हे एक कारण आणि शेजार हे दुसरं. तत्त्व बित्त्व काही नाही. ते बसवायला जवळच्या दुकानात नेले तर काउंटरवरच्या पोराने काँप्युटरला गाडीचं साल सांगितलं आणि काँप्युटरने ते घेतलं नाही. मग त्याने टायरसोबतच्या ट्यूबकडे बघून विचारलं, “हे काय आहे?” ट्यूब घालून टायर चढवणारा माणूस शोधता शोधता मला कराडच्या स्टँडमागचा पंक्चरवाला फार आठवला. तो असता तर चहा निवायच्या आत चारही चाकं झाली असती.

बर्बँकला बॉब्ज बिग बॉय या हॉटेलच्या आवारात शुक्रवारी संध्याकाळी जुन्या गाड्या जमतात. तिथे आम्ही गेलो. बायको तिच्या गाडीतून, फ्रीवेने, आणि मी आतल्या रस्त्यांनी. शास्त्रीबुवा आधीच पोचले होते. त्यांनी माझ्या टायरांवरून एक नजर फिरवली, मान डोलावली आणि शेजारच्या काळ्या रोडस्टरपाशी, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीपाशी, जाऊन उकिडवे बसले.

“इकडे ये,” ते मला म्हणाले. त्या गाडीच्या मागच्या टायरच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. “ही गोलाई बघ. हा ताठपणा बघ. रेडियलवाल्यांना हे सात जन्मांत जमायचं नाही. याला म्हणतात खरा बायस-प्लाय. तुझेही चांगले आहेत, पण हे बघ.”

रोडस्टरचा मालक माझ्या मागेच उभा होता. शास्त्रीबुवा पुढच्या चाकाकडे सरकल्यावर तो माझ्या कानाशी आला.

“रेडियल आहेत,” तो कुजबुजला. “मी सॅन डिएगोहून एका हाताने चालवत आलोय. त्यांना सांगू नका, प्लीज.”

मी सांगितलं नाही. दुकानाचा पत्ता तेवढा लिहून घेतला.