डार्थ व्हेडर घ्यायला जाताना टॉर्च विसरू नका

काळी वस्तू दुकानातल्या पांढऱ्या लाइटखाली नेहमीच देखणी दिसते. 'स्टार वॉर्स' चित्रपटांतला काळ्या मुखवट्याचा खलनायक डार्थ व्हेडर, त्याची फिगर (छोटी प्लास्टिकची मूर्ती) विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता अगदी आडवा, फिगरच्या गालाला टेकवल्यासारखा धरा. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, रंगात अडकलेला धुळीचा कण, हेल्मेटवरचा बोटाचा ठसा, सगळं वर येतं. हेल्मेट चकचकीत हवं, सूट मंद, केप त्याहून निस्तेज. तीन वेगळे काळे रंग दिसले पाहिजेत. डोक्यापासून बुटापर्यंत एकच चकाकी असेल तर रंगकामात हात आखडलेला आहे, खोका कितीही भारी असो.

मग हा व्हेडर कोणत्या चित्रपटातला ते बघा. 1977 च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मधला मुखवटा दुरंगी होता, काही पट्टे काळे आणि काही करड्या धातूसारखे. डोळ्यांच्या काचांना लालसर झाक होती आणि आतल्या झग्याचे पट्टे खांद्याच्या चिलखतावरून खाली यायचे. 1980 च्या भागात तेच पट्टे चिलखताखाली गेले. खोक्यावर एक चित्रपट आणि आत दुसऱ्याचा पोशाख, अशी खिचडी असेल तर पूर्ण किंमत देऊ नका. (शिल्पकार ब्रायन म्युअर यांनी घडवलेला मूळ मुखवटा डाव्या-उजव्या बाजूंनी तंतोतंत सारखा नव्हता. त्यामुळे थोडा तिरपेपणा दिसला तर लगेच नाक मुरडू नका.)

उंची पट्टीने मोजा. व्हेडर 2.02 मीटरचा आणि सहा इंची मालिकांचं प्रमाण 1/12, म्हणजे फिगर साधारण 17 सेंटिमीटर यायला हवी. त्याचा मुलगा ल्यूक 1.72 मीटरचा, तो 14.3 च्या आसपास. दोघं शेजारी उभे केल्यावर व्हेडर जेमतेम अर्धं डोकं उंच दिसत असेल तर दरारा संपला. सुटं हेल्मेट असलेल्या फिगरमध्ये वरची टोपी मुखवट्यावर पूर्ण बसते का तेही पाहा. दीड-दोन मिलिमीटर जरी वर राहिली तरी पावसाळ्यातल्या सात्यासारखं, म्हणजे अळंबीसारखं डोकं दिसतं, राजेहो!

आता जॉइंट. नव्या फिगरचा गुडघा किंवा मनगट हललं नाही तर जोर लावू नका. रंगाने जॉइंट चिकटलेला असतो आणि पिळलात की आतला पेग, म्हणजे खुंटीच तुटते. 60-70 अंशांच्या पाण्यात अर्धा-पाऊण मिनिट बुडवा, मग हळूहळू दोन्हीकडे फिरवा. काळ्या प्लास्टिकवर पांढरट रेघ उमटायला लागली की थांबा, तिथेच भेग जाणार आहे. उलट जॉइंट ढिला असेल तर बॉलवर बिनरंगी पाण्याच्या अॅक्रिलिक वॉर्निशचा पातळ हात द्या आणि चोवीस तास वाळवा. फेविक्विकच्या वाटेला जाऊ नका. एक तर जॉइंट कायमचा बसतो, आणि त्याच्या वाफेने काळ्या प्लास्टिकवर पांढरं धुकं धरतं.

वाकलेला लाइटसेबर (व्हेडरची प्रकाशाची तलवार) हा दोष धरूच नका. मऊ प्लास्टिक आहे, पॅकिंगमध्ये वाकतंच. नुसतं पातं कढत पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरा, सरळ करा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात घाला.

नागपूरकरांनी खरी काळजी घ्यायची ती मटेरियलची. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरची पश्चिमेची भिंत रात्री दहालाही तापलेली असते. मऊ पीव्हीसी अशा उष्णतेत नरम पडतं. घोट्यात मऊ प्लास्टिक असेल तर जड केपवाला व्हेडर जूनपर्यंत मागे कलतो. त्यामुळे पायाला स्टँडचं भोक आहे का, हे मी चेहऱ्याच्या आधी बघतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं प्लास्टिसायझर उष्णतेने पृष्ठभागावर येतं आणि फिगर चिकट लागते. बंद खोक्यात ते आणखी साचतं, म्हणून 'सील तोडायचं नाही' हा हट्ट आपल्या हवेत फारसा कामाचा नाही.

याच कारणाने 1/6 मापाचे, नकली लेदरचा सूट घातलेले महागडे व्हेडर नागपुरात घ्यावेत असं मला वाटत नाही. पॉलियुरेथेनचा थर दमटपणा आणि उष्णतेने फुटतो, आधी कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, मग खपल्या पडतात. त्याला दुरुस्ती नाही. आपल्याकडे एप्रिल ते जून कूलरची ओली हवा आणि लगेच पावसाळा, म्हणजे त्या सूटला सुट्टीच नाही. त्यात 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. एवढे पैसे ओतून खपल्या कोण गोळा करेल? प्लास्टिकचा सूट आणि कापडी केप असलेला सहा इंची बरा.

शोकेस कूलरच्या झोताच्या रेषेत ठेवू नका. त्यातले पाण्याचे बारीक थेंब वाळले की चकचकीत हेल्मेटवर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. छातीत लाइट लागणारी फिगर असेल तर बटन सेल काढून वेगळे ठेवा, गळले की आतले संपर्क हिरवे पडतात.

चिकट झालेली फिगर धुताना आधी केप काढा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब आणि मऊ टूथब्रश, बस्स. थिनर आणि नेल पॉलिश रिमूव्हर लांब ठेवा, अॅसिटोन एबीएस प्लास्टिक विरघळवतं. केप वेगळी आणि साध्या पाण्यात धुवा. पहिल्या पाण्याला काळा रंग सुटला तर ती केप फिकट रंगाच्या फिगरला टेकवू नका, डाग प्लास्टिकमध्ये मुरतो. आणि वाळवायची ती सावलीत, आपल्या गच्चीवरच्या उन्हात काळं कापड बघता बघता तांबूस पडतं.